चरितार्थाची वळणे आणि मुखपृष्ठाची रेष

मागील उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड ऊन दाखविण्यासाठी बाहेर काढले होते. मोहगावास मराठी मासिके येत आली ती नागपूरच्या वाटेने. कोणाच्या जावयाने आणलेली, कोणा निवृत्त गुरुजींनी शाळेला दिलेली, बहुधा दिवाळी अंक, आणि बहुधा वर्ष-दोन वर्षे उशिराने हाती पडलेली. तरीही तीस-पस्तीस खंड जमले होते. ते चाळताना ध्यानात आले की एकाही अंकाला मुखपृष्ठ नाही. बांधणी करणाऱ्याने आपल्या रीतीप्रमाणे मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने कापून टाकली होती; आणि तसे करण्यास संमती देणारी स्वाक्षरी माझीच होती, कारण त्या काळी ग्रंथालयाचा भार माझ्याकडे होता. आतला मजकूर तेवढा वाङ्मय, बाहेरचे चित्र म्हणजे वेष्टन, हा भेद मी विचार न करता मान्य केला होता. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या चुकीत आहे.

ही चूक माझ्या एकट्याची असती तर तिचा येथे उच्चार करण्याचे कारण नव्हते. पण मराठी समीक्षाही पुष्कळ अंशी याच बांधणीवाल्याच्या रीतीने चालत आली आहे, असे मला वाटते. साहित्यिक पोटापाण्यासाठी काय करीत होता, याकडे ती दोनच दृष्टींनी पाहते. एक तर त्याच्या प्रतिभेवर झालेला अन्याय म्हणून. नाही तर चरित्राच्या पहिल्या पानावर देऊन मोकळे होण्याची माहिती म्हणून. ज्यांचे आयुष्य रेडिओ, चित्रपट, व्यंगचित्र, जाहिरात आणि मुखपृष्ठे अशी वळणे घेत गेले, त्यांच्या बाबतीत ही दृष्टी विशेष अपुरी पडते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत अशी माणसे मराठीत थोडीथोडकी नव्हती. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर गेले आणि १९५९ मध्ये दिल्लीला सुरू झालेल्या दूरचित्रवाणीच्या उभारणीत सहभागी झाले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या अष्टपैलुत्वाचे कौतुक इतके झाले आहे की आता ‘अष्टपैलू’ हा शब्द ऐकला की समीक्षकाने विचार करण्याचे थांबविले, असे खुशाल समजावे. पैलू आठ असले तरी दगड एकच असतो. त्या दगडाची परीक्षा व्हावयास हवी. म्हणून येथे पु. लं.ना बाजूला ठेवून व्यंकटेश माडगूळकर आणि वसंत सरवटे यांच्याविषयी मुख्यतः लिहावे, आणि जाता जाता शि. द. फडणीस यांच्याकडे वळावे, असे योजिले आहे.

फडणीसांचा जन्म १९२५ चा, उरलेल्या दोघांचा १९२७ चा. सरवटे जन्माने कोल्हापूरचे. फडणीसांचे शालेय शिक्षण तेथे झाले. आणि माणदेशातले माडगूळकर चित्रकला शिकण्याच्या ओढीने त्याच गावी आले. हा योगायोग लहान नाही. कोल्हापुरात चित्रकार म्हणजे काय, याची कल्पना बाबूराव पेंटरांनी घडविलेली होती. त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले, कॅमेरा स्वतः तयार केला, चित्रपटसंस्था काढली, आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतःच केली. आबालाल रहिमान यांच्यासारख्या एकांतप्रिय चित्रकाराची स्मृतीही त्या गावाने जपली. परंतु कलावंताने एकाच कामात जन्म काढला पाहिजे असा आग्रह तेथे कोणी धरीत नसे. हाताला काम मिळेल तिकडे हात वळवावा आणि प्रत्येक ठिकाणी काम चोख करावे, हा त्या गावचा धडा होता. ‘वाट सोडली’ असे ज्याला आपण शिक्षक म्हणतो, ते तेथे वाट चालणेच होते.

माडगूळकरांनी शाळा पुरी केली नाही. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले, नंतर चित्रकलेच्या मागे लागले आणि चित्रकार होता होता लेखक झाले. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे. त्या पुस्तकातील ‘धर्मा रामोशी’ हे व्यक्तिचित्र आपणांपैकी अनेकांनी वर्गात शिकविले असेल. दारिद्र्याविषयी व्याख्यान न देता लेखकाने सगळा भार एका धोतरावर टाकला आहे. आपण मुलांना ते शिकविताना ‘हृदयद्रावक’, ‘करुण’ अशी विशेषणे फळ्यावर लिहितो. मूळ लेखनात त्यांना थारा नाही. समोरच्या माणसाचे रेखाटन करणारा चित्रकार प्रथम कागदावर त्याचा झोक धरतो, मग दोन-तीन ठिकाणी रेघ ठळक करतो आणि हात उचलतो. हात केव्हा उचलावा हे कळणे, ही त्या विद्येची परीक्षा. माडगूळकरांच्या गद्यात हात उचलण्याचे हे भान पहिल्यापासून आहे, आणि ते मला त्यांच्या वाचनापेक्षा त्यांच्या पेन्सिलीतून आलेले दिसते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. ‘बनगरवाडी’ ही त्यांची कादंबरी १९५५ ची. धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची ती कथा. अवर्षणाने वस्ती उठून जाते आणि शाळा रिकामी होते, तेथे ती संपते. ओस वर्गाची ती भीती काय असते, हे ज्या मुख्याध्यापकाच्या शाळेतून कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुले गळतात त्याला विचारावे. आता माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी रुजू झाले तेही १९५५ मध्येच. म्हणजे ज्या दोन पुस्तकांवर त्यांची कीर्ती मुख्यतः उभी आहे ती दोन्ही रेडिओच्या आधीची. मग रेडिओने त्यांना काय दिले? तीस वर्षे, १९८५ पर्यंत, ते त्या नोकरीत होते. नोकरीने लेखक खाल्ला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला माझ्या लहानपणीचा रेडिओ आठवतो. सौसरचा हा भाग आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. (अलीकडे २०२३ मध्ये जिल्हाही बदलला, छिंदवाड्याचे होतो ते पांढुर्ण्याचे झालो.) सीमा आखणाऱ्यांना ध्वनिलहरी मात्र अडविता आल्या नाहीत. १९४८ मध्ये सुरू झालेल्या नागपूर केंद्राचा आवाज आमच्या ओसरीवर संध्याकाळी नियमाने येई. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की वडील मंडळी बोलणे थांबवीत. बोलणारा गृहस्थ संत्र्याच्या झाडावरील रोगाविषयी सांगे. पण तो व्याख्यान देत नसे आणि लाडीगोडीही लावीत नसे. समोरचा ऐकणारा दिसत नाही, तो आपल्यापेक्षा शेती अधिक जाणतो, आणि तरीही त्याला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही आहे, या तिन्ही गोष्टींचे भान ठेवून तो बोले. पुण्याच्या केंद्रावर माडगूळकरांनी तीस वर्षे सांभाळले ते याच प्रकारचे कार्यक्रम.

आता १९७९ चे ‘नागझिरा’ आणि १९८२ चे ‘सत्तांतर’ उघडावे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांतली ही पुस्तके. ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीचे पुढारीपण एका नराकडून दुसऱ्याकडे कसे जाते, एवढाच त्या लहानशा कादंबरीचा विषय. वानरांवर कादंबरी लिहावयाची म्हटली की मोह दोन: वानरांना माणसे करून सोडावे, किंवा माणसांना वानरे ठरवून उपहास साधावा. शीर्षकाने दुसऱ्या मोहाला दार किलकिले ठेवले आहे, हे नाकारता येत नाही. परंतु कथनाने ते दार ओलांडलेले नाही. जे पाहिले ते, ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने, आवाज न चढविता सांगावे, अशी त्या निवेदनाची रीत आहे. ‘माणदेशी माणसं’मधील चित्रकाराचा डोळा येथे आहेच, पण त्याच्या जोडीला एक नवी गोष्ट आली आहे: माहितीविषयीचा आदर. तरुण माडगूळकरांच्या गद्यात माणसे होती. प्रौढ माडगूळकरांच्या गद्यात माणसांच्या जोडीने वस्तुस्थितीही पात्र म्हणून वावरते. न दिसणाऱ्या श्रोत्याला बियाणे, खत आणि किडीची औषधे समजावून सांगण्यात तीस वर्षे घालविल्यावाचून हा गुण असा मुरला असता, असे मला वाटत नाही. या काळात त्यांनी चित्रपटांसाठीही लिहिले; १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा त्यांची. पण त्या लेखनाने त्यांच्या गद्याला काही दिले असेल तर ते मला दिसलेले नाही.

रेडिओने घेतलेही पुष्कळ, हे मान्य केले पाहिजे. जे बोलले गेले ते हवेत गेले. त्या काळी ध्वनिफिती महाग. एकदा वाजवून झाल्यावर पुसून त्यांवर दुसरे ध्वनिमुद्रण करणे ही रूढ रीत होती. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे केंद्रावरून ज्येष्ठ बंधू ग. दि. माडगूळकर यांचे ‘गीतरामायण’ गेले. ते लोकांनी कंठात आणि पुढे पुस्तकात जपले. धाकट्या भावाने तीस वर्षे घडविलेल्या कार्यक्रमांना असे भाग्य कोठून मिळणार? सरकारी कपाटातले संहितांचे कागद म्हणजे माझ्या ग्रंथालयातील मुखपृष्ठांचेच सोदर.

सरवटे यांची वाट निराळी. ते स्थापत्य अभियंता होते आणि ए.सी.सी. या सिमेंट कंपनीत नोकरी करीत होते. दिवसा इमारतींचे आराखडे, संध्याकाळी व्यंगचित्रे. हे दोन हात वेगळे होते, असे समजण्याची आपली प्रवृत्ती असते. परंतु आराखडा काढणाऱ्याच्या जगात रेषेला जबाबदारी असते. प्रत्येक रेघ म्हणजे कोठली तरी भिंत, तुळई नाही तर खांब. शोभेसाठी काढलेली रेघ तेथे दोष ठरते, प्रसंगी धोकाही. सरवट्यांच्या व्यंगचित्रांत छायाप्रकाशाचा पसारा फारसा नसतो. बारीक, ठाम रेघ, भोवती पुष्कळ मोकळा कागद, आणि माणसाच्या उभे राहण्यातच त्याचा स्वभाव. या मितव्ययाला छपाईचेही एक कारण होते, आणि ते साहित्याच्या शिक्षकांस ठाऊक असलेले बरे. त्या काळच्या मासिकांत चित्र छापावयाचे तर जस्ताचा ठसा करावा लागे. साध्या रेघेचा ठसा स्वस्त पडे आणि हलक्या कागदावरही स्वच्छ उमटे. करड्या छटा हव्या असतील तर बारीक ठिपक्यांचा ‘हाफटोन’ ठसा, आणि त्याला बरा कागद. म्हणून मासिकांतून वाढलेल्या चित्रकाराच्या हाताला रेघेतच सर्व काही सांगण्याची शिस्त लागली. संपादकाच्या खिशाने चित्रकाराची शैली घडविली, असे म्हणणे काहींना अप्रतिष्ठेचे वाटेल. नाट्यगृहाच्या लांबी-रुंदीने नाटक घडते हे आपण मानतो, तर हेही मानावयास हरकत नाही.

पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘व्यक्ति आणि वल्ली’ या पुस्तकांतील चित्रे सरवट्यांची. ‘व्यक्ति आणि वल्ली’ १९६२ चे. चितळे मास्तर किंवा नारायण हे नाव उच्चारताच वाचकाच्या डोळ्यांपुढे जी आकृती येते, ती कितपत लेखकाची आणि कितपत चित्रकाराची, हे वेगळे काढता येईल काय? मी वर्गात हा प्रयोग करून पाहिला आहे. चित्रे झाकून पाठ वाचला की मुले चितळे मास्तरांना निरनिराळे रूप देतात. एकाने तर त्यांना आमच्या येथील एका गुरुजींचा फेटा बांधला. चित्र दाखविल्यावर सर्वांचे एकमत होते आणि काहींची निराशाही होते. यास्तव चित्राने वाचकाची कल्पना बांधली जाते, हा आक्षेप मी सर्वथा खोटा म्हणणार नाही. मात्र सरवट्यांच्या बाबतीत ही बांधणी सैल आहे. चेहऱ्याचा तपशील ते थोडका देतात, अंगाची ठेवण पुरेशी देतात. उरलेले वाचकाने भरावे, अशी सोय ठेवतात.

याहून विलक्षण उदाहरण ‘ठणठणपाळ’चे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी या टोपणनावाने साहित्यिकांची थट्टा करीत. लेखक पडद्याआड, वाचकाला दिसे तो सरवट्यांनी रेखाटलेला हातोडेवाला ठणठणपाळ. म्हणजे येथे शब्दांना चेहरा देण्यापुरते चित्राचे काम राहिले नाही. लेखकाचा चेहराच चित्रकाराने पुरविला. या सदराचे कर्तृत्व एकट्या दळव्यांच्या नावे मांडणारा वाङ्मयेतिहास अर्धा आहे. त्याच मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे सरवट्यांनी कित्येक दशके केली. पुस्तके, लेखक आणि वाचक यांच्यातील व्यवहारावर केलेले ते चित्रमय भाष्य होते. एखाद्या वार्षिक साहित्यसमालोचनापेक्षा ते अधिक नेमके असे, आणि समालोचनकर्त्यापेक्षा सरवटे कमी रुसवे ओढवून घेत. त्यांना ‘रेषालेखक’ म्हणतात ते अलंकाराने नव्हे. आपल्या कलेविषयी त्यांनी गंभीरपणे लिहिलेही. ‘परकी चलन’ मध्ये पाश्चात्त्य व्यंगचित्रकारांची ओळख करून दिली. आमच्या विश्वविद्यालयांच्या टीकाग्रंथांत मात्र या लेखनाचा आधार घेतलेला मी क्वचितच पाहिला आहे. २०१६ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना ‘ज्येष्ठ व्यंगचित्रकार’ म्हटले; ते खरे होते आणि अपुरेही.

फडणीसांविषयी थोडक्यात. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत उपयोजित कला शिकले. वस्तू विकण्यासाठी चित्र काढण्याची ती विद्या. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ मासिकांसाठी त्यांनी हास्यचित्राचे मुखपृष्ठ केले. मुलीच्या साडीवर उंदीर आणि शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे, हे त्यांचे चित्र ज्याने एकदा पाहिले तो विसरणार नाही. तेथे शब्द एकही नाही, आणि अनुवादाची गरजही नाही. शब्दावाचून सांगण्याची ही शक्ती पुढे त्यांनी बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांस दिली. ते पुस्तक मी प्रथम पाहिले ते सावनेरच्या मामेबहिणीच्या दप्तरात. आमच्या मध्य प्रदेशातल्या गणिताच्या पुस्तकात बेरीज होती. तिच्या पुस्तकात बेरीज करण्याचे कारण होते. दोन दिवस मी ते परत दिले नाही, आणि त्याबद्दल मामांचा मार खाल्ला. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात या चित्रांची नोंद व्हावी, असे मी एका परिसंवादात सुचविले होते. तेव्हा ‘पाठ्यपुस्तक हे साहित्य नव्हे’ असे उत्तर मिळाले. एका पिढीने शाळेत रोज उघडलेली पाने साहित्याच्या बाहेर, आणि जी कोणी उघडली नाहीत ती आत, हा न्याय मला आजही उमगलेला नाही.

वाट वळणांची असली की माणूस थोर होतोच, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. नोकरीने कोमेजलेले, जाहिरातीत हात विकून बसलेले, रेडिओच्या सुरात आपला सूर हरवून बसलेले लेखक आपण पाहिले आहेत. माडगूळकर आणि सरवटे यांच्यात आणि त्यांच्यात भेद कोणता? मला दिसतो तो इतकाच की या दोघांनी नोकरीतल्या कामाला कमी लेखले नाही. कार्यक्रम शेतकऱ्यांचा आहे म्हणून वाक्य ढिले सोडले नाही. मुखपृष्ठ दिवाळीपुरते आहे म्हणून रेघ ढिली सोडली नाही. ज्याने नोकरीतील लेखन डाव्या हाताने केले, त्याचा उजवा हातही कालांतराने डावा होत गेला, अशी उदाहरणे मराठीत सांगण्याजोगी आहेत. नावे घेण्याचे औचित्य येथे नाही.

आपण शिक्षक या प्रश्नात निर्विकार नाही. दहावीच्या वर्गात एक मुलगा भूगोलाच्या वहीच्या समासात माझीच चित्रे काढी. नाक माझे, चष्मा माझा, आणि हातातली छडी वास्तवापेक्षा लांब. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले आणि समास कोरा ठेवण्याची ताकीद दिली. पुढे तो पांढुर्ण्याला दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, मग नागपुरात छपाईच्या एका कारखान्यात संत्र्यांच्या पेट्यांवरील चित्रांची मांडणी करू लागला. गेल्या वर्षी गावच्या यात्रेत भेटला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारले, “सर, ती वही तुमच्याकडे आहे का हो?” जप्त केलेल्या वह्या त्या काळी रद्दीत जात. मी त्याला खरे ते सांगितले.

ग्रंथालयाच्या खंडांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. बांधणीवाल्याच्या मुलाने त्याच्या घरच्या माळ्यावरून एक गठ्ठा आणून दिला. वडिलांनी कापलेले जाड कागद पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवण्यासाठी ठेवले होते, असे तो म्हणाला. त्यात बहुतेक कोरे अस्तराचे कागद होते. परंतु तीन मुखपृष्ठे निघाली. दोघांवरील सही उंदरांनी खाल्ली आहे. तिसऱ्यावर सरवट्यांची सही स्पष्ट आहे, पण ते कोणत्या वर्षीचे, हे लावता आलेले नाही, कारण वर्ष छापलेला कोपरा कापला गेला आहे. अकादमीच्या सभासदांपैकी ज्यांच्या संग्रही ‘ललित’चे जुने दिवाळी अंक मुखपृष्ठांसह असतील, त्यांनी पडताळून पाहून कळविल्यास आम्ही ते योग्य खंडात चिकटवू.